जुळणीची फेरफार नोंद

महागाव तालुक्यातील एका शेतकऱ्याचे नाव आज किती दप्तरांतून नांदत असते, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही; परंतु ती केली म्हणजे असे दिसते की, गाव नमुना सातवर जो खातेदार आहे, तोच आठ-अ वर खातेक्रमांकाच्या, सेवा सहकारी सोसायटीच्या वहीत सभासदाच्या, बँकेत कर्जदाराच्या, पीकविम्यात अर्जदाराच्या आणि प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत लाभार्थ्याच्या रूपाने वावरत असतो; आणि या सर्व रूपांमागे इसम एकच आहे असे आपण धरून चालत असलो, तरी ते दर ठिकाणी खरे ठरतेच असे नाही. एका दप्तरातील कोणता घटक दुसऱ्या दप्तरातील कोणत्या घटकाशी, कोणत्या नियमाने आणि कोणाच्या अधिकाराने जुळतो, हे ठरवून ठेवण्याच्या कामाला संगणकाच्या व्यवसायात मॅपिंग म्हणतात. अर्विन किंवा पॉवरडिझायनर यांसारख्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या संस्था आपल्या माहितीचे आराखडे रेखाटतात, तेथे हे काम डावीकडच्या रकान्यापासून उजवीकडच्या रकान्यापर्यंत एक रेषा ओढून होते. रेषा ओढण्यास क्षण पुरतो. तिची राखण कशी करावी, याविषयी मात्र दोन प्रामाणिक मते आहेत, आणि ती दोन्ही मला महत्त्वाची वाटतात.

त्या मतांना वाचा मिळावी म्हणून, पूस आणि पैनगंगा या नद्यांमधल्या गावांत ज्यांची सारी नोकरी गेली असे एक निवृत्त पटवारी आणि पुण्यात राहून बँकांसाठी व विमा कंपन्यांसाठी माहितीचे आराखडे करणारी त्यांची पुतणी, अशा दोघांना मी येथे समोरासमोर बसवतो. वऱ्हाडात तलाठ्याला अजूनही पटवारीच म्हणतात, आणि काकांना काकाजी; तोच रिवाज मीही पाळतो.

पुतणी : काकाजी, आमच्या कामाची मूळ कल्पना अगदी साधी आहे. 1975 साली अमेरिकेत अॅन्सी-स्पार्क नावाच्या अभ्यासगटाने असे सुचवले की, माहितीच्या तीन पातळ्या वेगळ्या मानाव्यात : वापरणाऱ्याला दिसणारी, संस्थेच्या समग्र व्यवहाराची कल्पना देणारी आणि यंत्रात प्रत्यक्ष साठवलेली, आणि या पातळ्यांना जोडणाऱ्या जुळण्या स्वतंत्रपणे लिहून ठेवल्या, तर साठवणीत कितीही उलथापालथ झाली तरी वर काम करणाऱ्या माणसाला तिची झळ लागू नये. म्हणून मी प्रत्येक जुळणी उघड लिहिते. ती कोणा कारकुनाच्या स्मरणात राहू देत नाही, कारण कारकून बदलतो, निवृत्त होतो, आणि त्याच्याबरोबर दप्तराचा अर्थही निघून जातो.

काकाजी : तीन पातळ्या आम्हांलाही नवीन नाहीत, बाई. एक प्रत्यक्ष शेत, त्याचा बांध आणि धुरा; दुसरी भूमी अभिलेख खात्याची मोजणी, म्हणजे टिपण, नकाशा आणि आकारबंद; तिसरी आमचा सातबारा. जमीन एकच, पण आकारबंद एका खात्याच्या ताब्यात आणि सातबारा दुसऱ्या खात्याच्या. दोन्हींतले क्षेत्र जुळले पाहिजे असा दंडक. आणि संगणकीकरणाच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ते जुळत नाही अशी प्रकरणे गावोगाव निघाली. ही जुळणी उघड लिहिलेली नव्हती काय? होती. तुझ्या रेषेपेक्षा ती फार जुनी होती.

पुतणी : लिहिलेली होती, परंतु तिचा नियम लिहिलेला नव्हता. एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आर करताना काय झाले ते पाहा. तीन एकर सतरा गुंठे म्हणजे 137 गुंठे, आणि ते 138.6 आर होतात. पूर्ण आरात धरले तर 1 हेक्टर 39 आर. आता याच नंबराचे 45, 46 आणि 46 गुंठ्यांचे तीन पोटहिस्से असतील आणि प्रत्येकाचे रूपांतर स्वतंत्रपणे पूर्ण आरात केले असेल, तर 46, 47 आणि 47 आर मिळून 1 हेक्टर 40 आर होतात. एक आर जमीन कोणी चोरली नाही, कोणी दिली नाही. ती पूर्णांकात करण्याच्या क्रमातून उत्पन्न झाली. ‘हा रकाना त्या रकान्याशी जुळतो’ एवढे सांगून भागत नाही. आधी बेरीज करावयाची की आधी पूर्णांक, हेही त्या रेषेच्या अंगावर लिहिलेले असले पाहिजे.

हा मुद्दा काकाजींना तात्काळ पटला, आणि तो पटण्यासारखाच आहे. कारण ज्याने आयुष्यभर बांधावरचे तंटे ऐकले आहेत, त्याला एका आराची किंमत कोणी सांगावी लागत नाही. परंतु त्यांची खरी हरकत गणिताविषयी नव्हतीच, आणि ती त्यांनी पुढे मांडली ती अशी :

काकाजी : क्षेत्राचा नियम तू लिहिशील, ते मोजता येणारे आहे. आता नावाच्या रकान्याकडे ये. जुन्या सातबारावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या काळी वडील भाऊ घराचा कारभार पाही आणि सरकारदरबारी त्याचेच नाव लागे, पण शेत त्याच्या एकट्याचे नसे. धाकटे भाऊ, त्यांच्या विधवा, त्यांची मुले, सगळ्यांचा हक्क त्या तीन अक्षरांत उभा असे. तसेच ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालक कर्ता : नाव मुलाचे, सही आईची. आता तुझ्या आराखड्यात डावीकडे ‘खातेदाराचे नाव’ आणि उजवीकडे ‘व्यक्ती’. तू रेषा ओढलीस, यंत्राने ती मान्य केली, अक्षरे सर्व बरोबर उतरली. आणि त्या क्षणी तीन भावांचे शेत एका भावाचे झाले. तुझ्या तपासणीत यातले काय चूक म्हणून दिसेल?

पुतणी : काहीही दिसणार नाही, हे मला मान्य आहे. दोन्ही बाजूंना अक्षरांचाच रकाना आहे आणि दोन्ही रकाने भरलेले आहेत. पण काकाजी, हा दोष रेषेचा नाही, आराखड्याचा आहे. 1976 साली पीटर चेन यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात वस्तू वेगळी आणि वस्तूंमधले नाते वेगळे मानले जाते. ‘व्यक्ती’ आणि ‘खाते’ ही दोन, आणि त्यांच्यामध्ये ‘कोणत्या नात्याने’ हे तिसरे. ए.कु.मॅ. हा नावाचा शेपटीसारखा भाग नसून ते एक नाते आहे, असे प्रथमच ओळखले असते तर उजवीकडे त्याला स्वतंत्र जागा मिळाली असती.

काकाजी : ओळखले असते, पण कोणी? ज्याने त्या तीन अक्षरांपोटी वारसांचे भांडण पाहिले आहे, त्याने. आणि रेषा ओढणारा बहुधा तो नसतो.

येथे वाचकांसाठी एवढे नमूद केले पाहिजे की, हा प्रश्न केवळ जुन्या अक्षरांचा नाही. 2017 साली राज्यात छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, तेव्हा कर्जमाफीची दीड लाखांची मर्यादा कुटुंबामागे होती, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, तेव्हा मर्यादा दोन लाखांची झाली आणि एकक झाले वैयक्तिक शेतकरी. प्रधानमंत्री किसान योजनेत मात्र एकक कुटुंबच राहिले, आणि त्याबरोबर 1 फेब्रुवारी 2019 ही तारीखही आली, कारण त्या दिवशी ज्याच्या नावावर जमीन होती त्याचाच सामान्यतः विचार व्हावयाचा होता. फॉर्मवर शब्द प्रत्येक वेळी ‘शेतकरी’ हाच. बँकेच्या यंत्रातला तोच कर्जदार एका वर्षी कुटुंबाशी जुळवावा लागला आणि दोन वर्षांनी व्यक्तीशी. ज्यांनी पहिली जुळणी जशीच्या तशी पुढे चालवली असती, त्यांच्याकडे नवरा-बायकोपैकी एकाचे नाव यादीत चढलेच नसते. जुळणी ही दोन रकान्यांमध्ये नसते, ती दोन रकाने आणि एक प्रयोजन यांच्यामध्ये असते, असे मला या उदाहरणावरून वाटते. आणि प्रयोजन बदलले की रकाने तेच राहूनही जुळणी शिळी होते.

पुतणी : म्हणूनच मी यंत्राचा आग्रह धरते. समजा उद्या ‘कुटुंब’ या घटकाची व्याख्या बदलली, तर माझ्या आराखड्यात त्या घटकावर बोट ठेवताच त्याला लागून असलेली प्रत्येक रेषा, प्रत्येक यादी, प्रत्येक अहवाल मला दिसतो : हे बदलले तर कोठे कोठे धक्का लागेल. तुमच्या फेरफार नोंदवहीत हे दिसत असे काय? एका फेरफाराने पुढच्या किती सातबारांवर, किती बोज्यांवर, किती वारस नोंदींवर परिणाम झाला, हे पाहण्यासाठी सारे बस्ते सोडावे लागत. आणि एकदा पोटहिस्सा चुकून लागला की तो पिढ्यान् पिढ्या तसाच चालत असे, कारण चूक दिसण्याची सोयच नव्हती.

काकाजी : खरे आहे. ज्या गावांत शेतजमिनींची एकत्रीकरण योजना झाली, तेथे जुना सर्व्हे नंबर कोणत्या नव्या गटात गेला हे शोधताना माणसे थकून जात. एका सर्व्हे नंबराचे तुकडे दोन गटांत, आणि एका गटात तीन सर्व्हे नंबरांचे अंश. तुझ्या भाषेत त्याला काय म्हणतात?

पुतणी : अनेकास अनेक. आमच्याकडे तीच सर्वांत अवघड. तिथे एक रेषा पुरत नाही. मध्ये एक स्वतंत्र तक्ता उभा करावा लागतो, आणि त्याच्या प्रत्येक ओळीत जुना नंबर, नवा गट आणि किती क्षेत्र गेले हे लिहावे लागते.

काकाजी : आणि केव्हापासून, हे?

पुतणी : ते प्रत्येक जण लिहितोच असे नाही.

काकाजी : मग ऐक. आजचा आपला तालुका पूर्वी पुसद तालुक्यात होता, आणि पुसद तालुका 1905 पर्यंत वाशिम जिल्ह्यात. 1905 मध्ये वाशिम जिल्हा मोडला, पुसद यवतमाळकडे आले. त्याआधीच, 1903 साली, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. गाव जागचे हलले नाही. त्याच्या माथ्यावरचा जिल्हा आणि प्रांत बदलत गेला. 1905 पूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा वाशिम’ पाहून आजचा कोणी मौजा वाशिमला जोडील, तर कागद खोटा नाही, मौजा खोटा नाही, फक्त जुळणीला तारीख नाही.

पुतणी : आज गावाला 2011 च्या जनगणनेचा सहा अंकी संकेतांक आहे, लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा संकेतांक आहे आणि तो सातबारावर छापतातही. नावाने जोडण्यापेक्षा संकेतांकाने जोडणे किती तरी निर्धोक. सवना नावाची गावे एकाहून अधिक असू शकतात, संकेतांक एकच.

काकाजी : संकेतांक मला मान्य आहे. पण गावाचे दोन भाग झाले आणि जुना संकेतांक एका भागाने घेतला, तर जुन्या कागदावरचा तोच संकेतांक कोणत्या गावाचा? पुन्हा तारीख आलीच.

मग काकाजींनी, त्यांच्या दृष्टीने या साऱ्या विवादाचा जो गाभा होता, तो उलगडला. आणि मी कबूल करतो की त्यांच्या या प्रतिपादनाकडे माझा कल अधिक आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात देण्यापेक्षा विस्ताराने द्यावे असे मला वाटते.

काकाजी : सातबारावर नाव बदले तेव्हा आम्ही ते खोडीत नसू, बाई. जुन्या नावाला कंस करीत असू, नवे नाव लिहीत असू आणि दोन्हींजवळ वर्तुळात फेरफाराचा नंबर घालीत असू. त्या नंबराने गाव नमुना सहा उघडला की सर्व कैफियत मिळते : काय बदलले, खरेदीने की वारसाने की वाटणीने, कोणत्या कागदाच्या आधारे, कोणत्या तारखेस. आणि नोंद घातली म्हणजे काम संपले नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 प्रमाणे ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस जाते, चावडीवर ती लागते, पंधरा दिवस कोणाची हरकत आहे काय म्हणून वाट पाहावयाची असते; हरकत आली तर तक्रारीची नोंद वेगळी होते, चौकशी होते; आणि नोंद घालणारा पटवारी ती स्वतः मंजूर करू शकत नाही, ती मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मान्य करणारा दुसरा. लेखनप्रमाद झाला तर त्याला कलम 155 आहे, पण तीही दुरुस्ती हुकुमानेच आणि फेरफारानेच. हे सारे सोपस्कार कशासाठी? कारण कलम 157 सांगते की, उलट सिद्ध होईपर्यंत ही नोंद खरी मानावयाची आहे. जिच्यावर इतका विश्वास टाकावयाचा, ती सहजासहजी लिहू द्यावयाची नाही. आता तूच सांग, तुझ्या त्या रेषेवर बँक विश्वास ठेवते की नाही? विमा कंपनी ठेवते की नाही? मग तिला फेरफार कोठे आहे? तिची नोटीस कोणाला गेली? तिला कंस कोणी केला?

पुतणी : आवृत्ती जपून ठेवतो आम्ही. कोणी केव्हा बदल केला ते सॉफ्टवेअर आपोआप नोंदवते.

काकाजी : कोणी आणि केव्हा एवढेच. कशाच्या आधारे, ते नाही. ज्याला त्या बदलाने नुकसान होणार, त्याला विचारले होते काय, ते नाही.

पुतणीने यावर बराच विचार केला. तिचा व्यवसाय तिला प्रिय आहे, आणि जो आपल्या कामावर प्रेम करतो त्याला त्यातली उणीव सांगितली तर तो बचाव शोधीत बसत नाही, दुरुस्तीच्या तजविजीला लागतो. तिनेही तसेच केले.

पुतणी : तर मग, काकाजी, प्रत्येक रेषेला मी हे जोडते असे समजा : नियम, प्रयोजन, म्हणजे ही जुळणी कोणत्या योजनेसाठी किंवा कोणत्या अहवालासाठी, लागू झाल्याची तारीख, आधार, म्हणजे शासन निर्णय किंवा करार किंवा चौकशी, जुळणी सुचवणारा आणि मान्य करणारा, हे दोन वेगळे इसम, आणि बदलली तर जुनी बंद करावयाची, पुसावयाची नाही. हे सर्व आजच्या सॉफ्टवेअरमध्ये शक्य आहे. रकाने वाढवता येतात, मंजुरीची पायरी घालता येते. आम्ही ते करीत नाही याचे कारण वेळ लागतो, आणि मागणारा घाई करतो. परंतु चावडीवरची नोटीस मी कशी आणू? एका बँकेच्या आराखड्यात हजारो रेषा असतात.

काकाजी : हजारो फेरफारही असतात. सगळ्यांना सारखी हरकत येत नाही. पत्त्याच्या रकान्याची रेषा कोणी वाचली नाही तरी चालेल. हक्काची, रकमेची आणि ओळखीची रेषा वाचली पाहिजे. 2017 च्या उन्हाळ्यात सरकारने संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन केले होते ते तुला आठवत असेल. यंत्रातला उतारा छापून गावासमोर मोठ्याने वाचावयाचा, आणि ज्याचे नाव किंवा क्षेत्र चुकले असेल त्याने उठून सांगावयाचे. लाखो उतारे असताना तो उपद्व्याप कशाला, असे म्हणता आले असते. पण यंत्राने जे जुळवले ते बरोबर आहे की नाही, हे ज्याचे शेत त्यालाच ठाऊक. त्याला वाचून दाखवल्याशिवाय दुसरा इलाज नव्हता.

पुतणी : मीही माझ्या बाजूने एक सांगते. चावडी वाचनात जे छापले होते तेवढेच वाचले गेले. जे यंत्रात उतरलेच नाही, ते कोणी वाचले? मॅपिंगच्या कामात मला सर्वांत मोलाची यादी कोणती वाटते ठाऊक आहे? ज्यांना एकही रेषा लागली नाही अशा घटकांची. डावीकडचा कोणता रकाना उजवीकडे कोठेच गेला नाही, आणि उजवीकडचा कोणता रकाना कोठूनही भरत नाही, ही यादी यंत्र मला रोज देते. तुमच्या नोंदवहीत केलेली नोंद दिसते; न केलेली नोंद कधीच दिसत नाही. मेलेल्या खातेदारांची नावे सातबारावर वर्षानुवर्षे राहिली ती यामुळेच. कलम 149 तीन महिन्यांत कळवा म्हणते. कोणी कळवले नाही, तर पटवाऱ्याला त्याची खबर देणारे काही नव्हते. 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढून वारसांची नावे लावावी लागली.

काकाजी : हे तुझे म्हणणे मी घेतो. न झालेल्या नोंदीची यादी आमच्याजवळ नव्हती. ती असती तर किती विधवांचे हेलपाटे वाचले असते, हे मी तुला सांगू शकत नाही.

माझ्या मते या दोघांची भेट होते ती येथे. यंत्राजवळ रिकाम्या जागा दाखवण्याचे सामर्थ्य आहे, आणि महसुली दप्तराजवळ भरलेली जागा कोणत्या अधिकाराने भरली हे सांगण्याची शिस्त आहे; ही दोन सामर्थ्ये आजवर वेगवेगळ्या घरी नांदली, आणि आता शेतकरी ओळख क्रमांकामुळे ती एका घरी येत आहेत. 15 एप्रिल 2025 पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी हा क्रमांक आवश्यक झाला, आणि तो देताना आधारवरचे नाव आणि सातबारावरचे नाव किती जुळते हे यंत्र पाहते. आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव; सातबारावर कधी नुसते नाव आणि ‘व इतर’. येथे जुळणीची टक्केवारी मोजणे हे काम सुरू करण्यापुरते ठीक आहे. पण कमी जुळले म्हणून परत पाठवलेला आणि जास्त जुळले म्हणून चुकीच्या माणसाला जोडलेला, या दोघांपैकी दुसऱ्याची हानी मोठी असते आणि ती उशिरा कळते. म्हणून जास्त गुण मिळालेल्या जुळण्यांपैकीही काही माणसाने तपासून पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पुतणी : एक प्रकरण उरते, काकाजी. सामाईक खाते. चार नावे, क्षेत्र एक, कोणाचा हिस्सा किती ते लिहिलेले नाही. बँकेच्या आराखड्यात प्रत्येक कर्जदारापुढे त्याचे क्षेत्र लागतेच. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. पुष्कळ ठिकाणी चारांनी भागून टाकतात.

काकाजी : भागू नकोस. समान वाटणी हा यंत्राने दिलेला निवाडा होईल, आणि वाटणी कलम 85 खाली तहसीलदार करतात, तीही सहहिस्सेदारांचे म्हणणे ऐकून. त्या चार नावांत एक बहीण असेल, जिच्या हिश्श्याची वाटाघाट अजून घरात चालू असेल.

पुतणी : मग त्या रकान्यात काय लिहू?

काकाजी : क्षेत्र सामाईक, हिस्सा अनिर्णित, आणि पुढे आठ-अ चा खातेक्रमांक. आणि तुझ्या त्या रेषा न लागलेल्या घटकांच्या यादीत ते दर महिन्याला वर येऊ दे.

पुतणी : बँक म्हणेल, अनिर्णित हे उत्तर आमच्या नियमात बसत नाही.

काकाजी : तर नियमाला फेरफार घाल, आणि तो घालण्याआधी बँकेला नोटीस दे. तिचीही हरकत ऐक. तिच्या पैशाचा प्रश्न आहे.

पुतणीने लॅपटॉप उघडला आणि ‘कर्जदाराचे क्षेत्र’ या घटकाची मान्य मूल्ये कोणती, ती यादी प्रथम काकाजींना वाचून दाखवण्यास सुरुवात केली.